पिवळ्या पडलेल्या मॉनिटरचे म्हणणे

मी एक जुना मॉनिटर आहे. वर्गात बाई नसताना बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहितो, तो नव्हे. त्याच्या हातात निदान खडू तरी असतो. मी कॉम्प्युटरचा मॉनिटर, म्हणजे तुम्ही ज्याला स्क्रीन म्हणता तो. कॉम्प्युटर जे पाठवील ते दाखवायचे आणि समोरच्याने त्याचा काय अर्थ लावला ते मुकाट्याने बघत बसायचे, एवढेच माझे आयुष्य. मित्रांनो, आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. त्या गोष्टीत एक बाळ आहे. खरे तर त्या बाळासाठीच मी ही सांगायला बसलो आहे.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे धुळीला मज्जाव होता. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे डगले घातलेल्या बायका ओळीने बसलेल्या असत. त्यांच्यातल्या शेवटच्या बाईचे काम फक्त बघण्याचे होते. तिने मला पहिल्यांदा सुरू केले आणि पूर्ण पांढरे केले, मग लाल, मग हिरवे, मग निळे. एखादा ठिपका मेलेला तर नाही ना, हे ती नाक माझ्या काचेला टेकेपर्यंत जवळ येऊन बघत होती. "हा चांगला आहे," असे ती शेजारणीला म्हणाली. माझे ते पहिले कौतुक. त्यानंतर मला थर्माकोलमध्ये घट्ट बसवले आणि खोके बंद झाले.

ते उघडले एका दुकानात. फळीवर आम्ही नऊ-दहा मॉनिटर शेजारी शेजारी मांडलेले, आणि सगळ्यांवर एकच चित्र, समुद्रातले मासे. गिऱ्हाइकांना ज्याचे मासे सगळ्यात भडक तो आवडायचा. माझे मासे जसे होते तसेच दिसत, त्यामुळे माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नसे. दुकानदाराचे एक ठरलेले वाक्य होते. कोणी काही विचारले की तो म्हणायचा, "डोळे झाकून घ्या." मॉनिटर डोळे झाकून कसा घेतात, हे मला आजवर उमगलेले नाही.

मग एके दिवशी एक बाई आपल्या धाकट्या दिराबरोबर आल्या. दिराचा फोटो स्टुडिओ होता. तो फोटो काढायचा आणि या बाई ते कॉम्प्युटरवर नीट करायच्या. तो त्यांना वहिनी म्हणायचा आणि त्या त्याला भाऊजी म्हणायच्या, म्हणून मीही त्यांना याच नावांनी ओळखतो. वहिनींनी पिशवीतून एक छापील फोटो काढला. तो त्यांच्या स्वतःच्या हाताचा होता. उघडा पंजा, करंगळीपाशी भाजल्याचा जुना डाग. तोच फोटो त्यांनी पेनड्राइव्हमध्येही आणला होता. प्रत्येक मॉनिटरवर तो उघडायला लावायचा, शेजारी छापील फोटो धरायचा, आणि त्याच्या शेजारी आपला खरा हात.

"ताई, हात बघून देणारे पुढच्या गल्लीत बसतात," दुकानदार म्हणाला.

"तुम्ही फोटो उघडा," वहिनी म्हणाल्या.

एका मॉनिटरवर त्यांचा हात उकडलेल्या कोळंबीसारखा लाल दिसला, दुसऱ्यावर करडा. माझ्यापाशी आल्यावर तिन्ही हात सारखे दिसले. वहिनींनी पुन्हा एकदा हात धरून बघितला आणि म्हणाल्या, "हाच." भाऊजींना शेजारचा मोठा मॉनिटर हवा होता, पण त्या दिवशी त्यांचे काही चालले नाही.

स्टुडिओतली माझी खोली लहान होती. भिंती राखाडी, खिडकीला जाड पुठ्ठा, म्हणजे बाहेरचा उजेड माझ्यावर पडून रंग बदलू नयेत. टेबलावर मी, टेबलाखाली कॉम्प्युटर, आणि वहिनींची एका बाजूला कलणारी खुर्ची. त्या खोलीत मी काय काय चेहरे बघितले! नोकरीच्या अर्जासाठी शर्टाचे वरचे बटण लावून घाबरलेली मुले, दात पडलेली पोरे, पन्नास वर्षे एकत्र काढूनही एकमेकांच्या जवळ बसायला लाजणारी जोडपी. वहिनींचा एक नियम होता. चेहऱ्यावरची फोड काढायची, तीळ काढायचा नाही. "फोड आठवड्यात जाते भाऊजी, तीळ त्या माणसाचा असतो," असे त्या म्हणायच्या. लोक आपला फोटो बघून खूश व्हायचे आणि भाऊजींची पाठ थोपटायचे. माझी पाठ कोणी थोपटली नाही, पण वहिनी रोज सकाळी मऊ फडक्याने माझी काच पुसायच्या. मला तेवढे पुरत होते.

अशी सात-आठ वर्षे गेली. मित्रांनो, माणसाचे केस पांढरे होतात, आमच्या आतला दिवा पिवळा पडतो. हे इतके हळू होते की रोज बघणाऱ्याला कळत नाही. वहिनींनाही कळले नाही. माझ्यावर सगळे चेहरे पिवळट दिसू लागले, म्हणून त्या फोटोतला पिवळेपणा कमी करू लागल्या. तो पिवळेपणा फोटोत नव्हताच, माझ्यात होता. परिणाम असा झाला की छापून येणारे फोटो निळसर यायला लागले. एकदा फोटो छापणारे काका एका कुटुंबाचा मोठा फोटो घेऊन तरातरा स्टुडिओत आले.

"काय हो, अख्खं खानदान बर्फाच्या कारखान्यात उभं केलं होतं का? आजोबा तर पार गारठलेत!"

भाऊजी हसले, पण वहिनींचा चेहरा उतरला. त्यांनी एक कोरा पांढरा कागद माझ्या कडेला धरला, आणि त्यांच्या लक्षात आले. त्या दिवशी मला इतकी लाज वाटली की बटण दाबून मला कोणी बंद करील तर बरे, असे झाले.

पण वहिनींनी मला टाकले नाही. त्यांनी तो पांढरा कागद कापून त्याची पट्टी माझ्या उजव्या कडेला चिकटवून ठेवली. फोटो उघडला की आधी पट्टीकडे बघायचे, मग फोटोकडे, आणि माझा पिवळेपणा मनातल्या मनात वजा करायचा. कॉम्प्युटरही म्हातारा झाला होता. एकेक फोटो वरून खाली हळूहळू उलगडायचा. तोवर वहिनी चहाचा घोट घेत आणि फोटो बघत राहत. त्यामुळे प्रत्येक चेहऱ्याला त्यांच्या डोळ्यांसमोर दोन-तीन मिनिटे मिळायची. माझ्यात खोट होती, पण त्यांच्या बघण्यात नव्हती. आमचे बरे चालले होते.

भाऊजींना मात्र हे मुंगीच्या पावलाने चालणे सोसेना. बाहेरच्या बाकावर गिऱ्हाइके ताटकळत असत. शेवटी नवे घ्यायचे ठरले, पण कॉम्प्युटर आणि मॉनिटर दोन्ही एकदम घेणे झेपणारे नव्हते. दोघांपैकी आधी काय, यावर दीर-भावजयीत आठवडाभर वाद चालला.

"आधी मॉनिटर घेऊ, भाऊजी. कॉम्प्युटर हळू आहे, पण खोटं बोलत नाही."

"अहो वहिनी, गिऱ्हाईक काय मॉनिटरचा रंग बघायला येतं? त्याला फोटो लवकर हवा असतो. आणि हा पिवळा आहे हे आपल्याला माहीत आहे ना? झालं तर मग."

"माहीत असणं आणि दिसणं वेगळं."

"दोन महिने काढा कसेतरी. मग तुमच्या मनासारखा मॉनिटर घेऊ. शब्द देतो."

भाऊजी एकटेच दुकानात गेले. दुकानदाराने आपले वाक्य ऐकवले असणार, कारण संध्याकाळी ते एक काळा चकचकीत कॉम्प्युटर घेऊन आले. तो इतका वेगवान होता की बोट उचलायच्या आत फोटो उघडायचा. तो जोडायला आलेल्या माणसाने टेबल पुसले, वायरी बदलल्या, आणि माझ्या कडेची कागदाची पट्टी कचरा समजून ओढून टाकली. वहिनी तेव्हा बाहेर होत्या. नंतर नव्या वेगाच्या कौतुकात पट्टी पुन्हा चिकटवायची राहूनच गेली.

त्या कॉम्प्युटरबरोबर आणखी एक सोय आली. तयार बटणे. "लग्न" म्हणून एक बटण होते, "ओळखपत्र" म्हणून एक, आणि "नवजात" म्हणून एक. नवजात बाळाची कातडी पहिल्या दिवसांत लालसर-पिवळट असते, डाग असतात, आणि आईबापांना बाळ गुलाबी हवे असते. ते बटण दाबले की कातडीतला पिवळा रंग जायचा, गुलाबी यायचा, डोळ्यांतला पांढरा भाग स्वच्छ व्हायचा, आणि हे चाळीस फोटोंना एकदम व्हायचे. वहिनी आधी कुरकुरल्या. पण बाळाचा पिवळेपणा आठवड्यात जातो, म्हणजे तो तिळापेक्षा फोडीसारखाच, असे त्यांनी मनाला समजावले. मित्रांनो, त्यांचे अगदीच चुकले असे मी म्हणत नाही. बहुतेक बाळांचा तो जातोच.

आमच्या रस्त्यावर टपाल आणून देणारा एक टपालवाला होता. हसरा माणूस. पत्र देताना दारातूनच ओरडायचा, "घ्या, तुमच्या चाहत्यांनी लिहिलंय!" आणि आत विजेचे बिल असायचे. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्याच्या घरी बाळ झाले. पाचव्या दिवशी त्याने भाऊजींना फोटो काढायला घरी बोलावले. भाऊजी सकाळी गेले आणि तासाभरात परत येऊन त्यांनी कॅमेऱ्याचे कार्ड वहिनींच्या हातात दिले. बाहेर दोन गिऱ्हाइके बसली होती.

पहिला फोटो माझ्यावर उघडला, आणि मी हादरलो. बाळ पिवळे होते. मी पिवळा होतो म्हणून नव्हे. माझा पिवळा मला पाठ आहे, तो सगळीकडे सारखा पसरलेला असतो. बाळाखाली एक पांढरे दुपटे होते. माझ्या दिव्याने त्या दुपट्याला जेवढे पिवळे केले होते, त्याच्या कितीतरी पट बाळ पिवळे होते. कपाळ, छाती, पोट, इवल्या मांड्याही. एका फोटोत त्याने डोळे उघडले होते, आणि डोळ्यांतला पांढरा भागही पिवळा होता.

वहिनी थांबल्या. खरेच थांबल्या, पुढे झुकल्या.

"भाऊजी, हे बाळ जरा जास्तच पिवळं नाही वाटत?"

भाऊजी दारातूनच म्हणाले, "अहो, त्यांच्या खोलीचे पडदे पिवळेधमक आहेत. त्यात हा आपला म्हातारा. पिवळ्यावर पिवळं!"

मित्रांनो, पडदे पिवळे होते हे खरे. पण फोटो काढताना भाऊजींनीच पडदा बाजूला सारला होता. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात तो गोळा होऊन लटकलेला दिसत होता आणि खिडकीतला स्वच्छ उजेड थेट बाळावर पडला होता. ते सगळे माझ्यावर होते. पडदा होता, दुपटे होते, बाळ होते. वहिनींनी नजर फक्त चार बोटे खाली नेऊन दुपट्याकडे बघितले असते तर त्यांना कळले असते. मी मनात म्हणत होतो, दुपट्याकडे बघा, वहिनी, दुपट्याकडे बघा. पण मनात म्हणून काय होते?

"वहिनी, ते बटण दाबा की. माणसं खोळंबलीत."

वहिनींनी बटण दाबले. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चाळीसच्या चाळीस फोटोंमधले बाळ बदलले. तरी माझ्या पिवळेपणामुळे ते अजून थोडे पिवळट वाटत होते, म्हणून वहिनींनी आणखी थोडा गुलाबी रंग दिला. डोळ्यांतला पांढरा भाग बटणाने आधीच दुधासारखा केला होता. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "आता मात्र हा मॉनिटर बदला. नाहीतर मी काम करणार नाही. एवढं पिवळं दाखवायला लागला म्हणजे कमाल झाली."

भाऊजींनाही ते पटले. माझ्या आयुष्यात मी जेवढे खरे कधी दाखवले नव्हते तेवढे त्या सकाळी दाखवले, आणि त्याच कारणासाठी मला काढून टाकायचे ठरले. मला राग यायला हवा होता. पण मला त्या बाळाशिवाय काही सुचत नव्हते.

फोटो त्याच दुपारी टपालवाल्याला ईमेलने पाठवले गेले. संध्याकाळी त्याचे उत्तर आले, तेही माझ्यावरच उघडले. भाऊजी उभ्या उभ्या वाचत होते. पहिली ओळ होती, "फोटो फार सुंदर आले, सगळ्यांना पाठवले." तेवढे वाचून भाऊजी ओरडले, "वहिनी, आवडले हो फोटो!" आणि बाहेरच्या गिऱ्हाइकाकडे वळले. पुढच्या ओळी कोणीच वाचल्या नाहीत. मी मात्र त्या दाखवत राहिलो. दुसरे काय करणार?

त्यात लिहिले होते, "बाळ नीट दूध पीत नाही, सारखं झोपून असतं, उठवलं तरी उठत नाही. हिला ते पिवळं वाटत होतं म्हणून आम्ही घाबरलो होतो. बाळाची मावशी दुसऱ्या गावी दवाखान्यात नर्स आहे. आमच्या फोनवरच्या अंधाऱ्या फोटोत तिला काही कळेना. ती म्हणाली, चांगला फोटो पाठवा, डोळे दिसतील असा. तुमचा पाठवला. तो बघून म्हणाली, रंग छान गुलाबी आहे, डोळेही पांढरेशुभ्र आहेत, काळजी करू नका, दोन-तीन दिवस वाट बघा. मनावरचं ओझं उतरलं. तुमचे उपकार."

मित्रांनो, मावशीने आपले काम चोख केले होते. जिथे बघायला हवे नेमके तिथेच तिने बघितले होते. पण तिथले खरे आम्ही आधीच पुसून टाकले होते.

त्या वेळी मी थरथरलो. माझी काच दोन-तीनदा लुकलुकली. ते माझ्या तळमळीने झाले की मागची वायर सैल होती, हे मला आजही सांगता येणार नाही. भाऊजींनी येऊन माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि म्हणाले, "थांब बाबा, दोन दिवस कळ काढ, तुझी सुटका करतो." मग त्यांनी ते पत्र बंद करून एका शाळेच्या सहलीचे फोटो उघडले. पुढचे दोन दिवस मी शाळेच्या पोरांचे हसरे चेहरे दाखवत होतो. त्या घरात काय चालले असेल, बाळ दूध प्यायले असेल का, कोणी त्याला पुन्हा खिडकीपाशी नेऊन बघितले असेल का, हे मला कळायला काही मार्ग नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवा मॉनिटर आला. वहिनी आपल्या हाताचा तोच जुना फोटो घेऊन दुकानात गेल्या होत्या. येताना हसत होत्या, "फोटोतला हात तरुण राहिला हो, माझाच म्हातारा झाला." नवा मॉनिटर माझ्या शेजारी मांडला. मोठा, सडपातळ, गुणी पोरगा. माझा त्याच्यावर काही राग नव्हता आणि आजही नाही.

माझा खोटेपणा भाऊजींना एकदाचा दाखवून द्यावा, असे वहिनींना वाटले. त्यांनी टपालवाल्याच्या बाळाचा मूळ फोटो, बटण दाबण्याआधीचा, दोन्हीकडे एकदम उघडला.

"या भाऊजी, बघा आता. हे म्हातारबुवांचं पिवळं बाळ, आणि हे..."

नव्या मॉनिटरवर दुपटे पांढरेशुभ्र होते आणि बाळ पिवळे होते. तेवढेच पिवळे. उलट, शेजारच्या पांढऱ्यामुळे जास्तच उठून दिसत होते.

वहिनींनी माझ्याकडे बघितले, मग त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांनी बोट माझ्या काचेवर ठेवले, आधी दुपट्यावर, मग बाळाच्या पोटावर. अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "इथंही दिसत होतं. भाऊजी, इथंही दिसत होतं हो."

भाऊजी कोपऱ्यातल्या पडद्याकडे बघत होते. "तो मीच सारला होता," ते म्हणाले. "उजेड हवा म्हणून मीच सारला होता."

टपालवाल्याचा नंबर शोधायला वहिनींनी त्याचे पत्र उघडले, आणि ते या वेळी पूर्ण वाचले. वाचून झाल्यावर त्या उठल्या ते चपला उलटसुलट घालूनच. टपालवाला टपाल वाटत फिरत होता, फोन उचलत नव्हता. भाऊजींनी स्टुडिओला कुलूप लावले आणि दोघे त्याच्या घराकडे धावले. आम्हा दोघांना बंद करायचे कोणाला सुचले नाही. मी आणि नवा मॉनिटर, रिकाम्या खोलीत शेजारी शेजारी तेच बाळ दाखवत बसलो. दिवसभर. तो नवा होता, त्याला काही ठाऊक नव्हते. मला सगळे ठाऊक होते, तरी आमच्या दोघांच्या मुकेपणात तसूभरही फरक नव्हता.

संध्याकाळी दोघे परत आले. फोटो छापणारे काका काही कामाने आले होते, त्यांना भाऊजी सांगत होते म्हणून मला कळले. घरी आई एकटीच होती. बाळ हाक मारली तरी डोळे उघडत नव्हते. वहिनींनी दारातच सांगून टाकले, "आम्ही पिवळं काढलं होतं. फोटोतला रंग खरा नव्हता. चला, आत्ताच्या आत्ता चला." आईने बाळ उचलले आणि ती अनवाणीच रिक्षात बसली. दवाखान्यात बाळाला निळ्या उजेडाखाली ठेवले. त्या उजेडाने अंगातले पिवळे उतरते म्हणे. डॉक्टर म्हणाले, "दोन दिवस आधी आणायला हवं होतं." नर्स मावशी रात्रीचा प्रवास करून पोचणार होती. ती फोनवर रडत एकच विचारत होती, "मी डोळे नीट बघितले होते ना? पांढरे होते ना?"

बाळ वाचले, मित्रांनो. दोन आठवड्यांनी घरी आले. वहिनींनी त्या रात्री पहिल्यांदा पोटभर जेवण केले, असे त्या स्वतःच म्हणाल्या. पण काही महिन्यांनी ते बाळ दाराच्या आवाजाला दचकत नाही, आईच्या हाकेला मान वळवत नाही, हे लक्षात आले. कानांवर परिणाम झाला होता. तो त्या दोन दिवसांमुळेच झाला का, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता आले नाही. झाला असेल, नसेलही, असे ते म्हणाले. वहिनींना मात्र त्या "नसेलही"चा काही उपयोग झाला नाही.

त्यांनी कॉम्प्युटरमधले "नवजात" बटण पुसून टाकले. टपालवाला आमच्यावर ओरडला नाही, भांडला नाही. फक्त त्याने स्टुडिओत यायचे सोडले. टपाल तो दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवायचा, वर एक दगड ठेवायचा आणि निघून जायचा. वहिनी त्याच्या सायकलचा आवाज ओळखायच्या. आवाज आला की त्यांचे बोट माउसवर थांबायचे, आणि तो दूर गेला की पुन्हा चालू व्हायचे.

मला कोणी फेकले नाही. मला बाहेरच्या टेबलावर नेले. आता माझ्यावर गिऱ्हाइकांची नावे आणि वेळा दिसतात. नावाला रंग नसतो, त्यामुळे माझ्या पिवळेपणाचे कोणाला काही वाटत नाही. काच पुसायची आठवण कधी होते, कधी होत नाही. तिथूनच मी मागच्या आठवड्यात त्या बाळाला पाहिले.

चार वर्षांची मुलगी झाली आहे ती आता. शाळेत घालायची म्हणून फोटो हवा होता. आई तिला घेऊन आली, बाप सायकल धरून रस्त्यापलीकडे उभा राहिला. मुलीच्या दोन्ही कानांमागे ऐकायची मशिने होती. बडबडी आहे. शब्द थोडे अर्धवट निघतात, पण थांबत नाहीत. माझ्या काचेवर बोट आपटून तिने विचारले, "हा का आजाली?" आई म्हणाली, "तो म्हातारा आहे." तर तिने माझ्या कडेवरून हात फिरवला, जसा आजाऱ्याच्या कपाळावरून फिरवतात तसा. तुम्हाला काय सांगू मला काय झाले.

भाऊजींनी फोटो काढला. वहिनींनी तो आतल्या खोलीत उघडला. दार उघडे होते, मला ऐकू येत होते. मग भाऊजी फार जपून, फार मायेने म्हणाले, "ती कानांमागची मशिनं काढून टाकू का फोटोतून? मिनिटाचं काम आहे. शाळेतल्या पोरांचं काय सांगावं..."

"नको," मुलीची आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "तुम्ही एकदा काढलंत तेवढं पुरे."

वहिनींनी माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. फोटो होता तसा छापला गेला. मुलगी तो हातात धरून, बापाला दाखवायला, आईच्या पुढे धावत रस्त्याकडे गेली. मागून आलेल्या गाडीने भोंगा वाजवला आणि आईने धावत जाऊन तिचा दंड धरला. मुलीने भोंगा ऐकला होता की नाही, ते मला इथून कळले नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही फोटोंसाठी कॉम्प्युटर घ्यायला जाल. वेगवान घ्या, माझी काही हरकत नाही. पण ज्याच्यातून बघायचे ते आधी नीट निवडून घ्या, आणि नीट घेतल्यावरही बघायचे काम स्वतःच करा, ते बटणावर सोडू नका. आम्ही जुने झालो की आमची सवय करून घेऊ नका, आमची तपासणी करा. आणि समोर काही नकोसे दिसले तर ते पुसायच्या आधी क्षणभर थांबून विचारा, हे कुठून आले? दोष आमच्यावर टाकायला तुम्हाला नंतर हवा तेवढा वेळ आहे. आम्ही टेबल सोडून कुठे जात नाही. त्या सकाळी मी सगळे दाखवले होते. मला फक्त "बघा" म्हणता आले नाही.